आईची गच्ची आणि माझा आलेख

आमच्या घरावर जे ऊन पडतं त्याचा मालक मी आहे, असं मी अख्खा एक उन्हाळा समजत होतो.

घर वराळ्यात आहे. पूर्वी इथं दारासमोर भातखाचरं होती, आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. त्या इमारतींची नावं सगळी उन्हाची आणि हिरवळीची, पण या दोन्ही गोष्टी त्यांनी आमच्याच नेलेल्या. आळीतल्या कुठल्याही गच्चीवर जा, निम्मा दिवस कुणाच्या तरी बाराव्या मजल्याची सावली अंगावर घेऊन उभं राहावं लागतं. अपवाद फक्त आमच्या गच्चीचा. आमचं घर आळीच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला. तिथली परवानगी बिल्डरला अजून मिळालेली नाही (मिळेल, तो प्रयत्नात आहे), त्यामुळे उगवल्यापासून मावळेपर्यंत सूर्य आमच्याकडेच मुक्कामाला असतो.

आणि मला स्वच्छ ऊर्जेचं वेड आहे. ‘वेड’ हा शब्द बायकोचा. मी ‘ध्यास’ म्हणतो.

बायको, वैशाली, लोणावळ्याची. तिच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, तिथं बाजारात चिक्कीचं दुकान आणि दुकानावर छोटंसं लॉज. माणूस प्रेमळ, पण तोंडावर बोलणारा. माझ्या ध्यासाची पहिली झळ त्यांनाच बसली. मी नवीकोरी बॅटरीवरची स्कूटर घेतली होती आणि कामशेतहून त्यांना मागे बसवून लोणावळ्याला निघालो होतो. वाटेत मी त्यांना तेलाचं जागतिक राजकारण समजावून सांगत होतो. आखाती देशांपर्यंत आलो आणि कार्ला फाट्यापाशी स्कूटर थांबली.

“काय झालं?”

“काही नाही आप्पा, चार्जिंग संपलं.”

“मग आता?”

“जवळपास कुठं प्लग मिळाला तर दोन-तीन तासांत…”

आप्पा उतरले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मागून ढकलायला लागले. पुढे एक पेट्रोलपंप लागला. तिथला माणूस आम्हाला बघून धावत आला आणि अदबीनं म्हणाला, “काका, टाकी फुल्ल करू का?” आप्पा म्हणाले, “यांना विचारा. हे त्याच्या विरोधात आहेत.”

दुसरी झळ सूर्यचुलीची. आप्पा आमच्याकडे जेवायला येणार होते म्हणून सकाळीच मी त्या काळ्या पेटीत डाळ लावली. जेवायची वेळ झाली, टळली, चहाची आली. डाळ होती तशीच होती, जरा कोमट. आप्पांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाले, “जावईबापू, शिजली नाही, पण ऊन मात्र चांगलं लागलंय. आता वर्षभर कीड लागणार नाही.”

इतकं होऊनही मी खचलो नाही. (खचलो असतो तर बरं झालं असतं, असं वैशालीचं मत आहे.) मी घरावर सोलर बसवायचं ठरवलं. अडचण एकच होती. घर माझ्या नावावर होतं, पण गच्ची आईची होती. होळी झाली की तिथं तिचं राज्य सुरू व्हायचं, ते वळवाचा ढग दिसेपर्यंत. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस, मिरच्या. त्या दिवसांत आम्हाला वर जायचं तर पाय कुठं टाकायचा हे विचारून जावं लागायचं.

मी आईला समोर बसवलं. “आई, आता उन्हावर लाईट होणार. बिल जवळजवळ नाहीच येणार.”

“आन् वाळवण कुटं घालू?”

“त्यात काय, कुरडया विकत आणू.”

वैशाली लगबगीनं स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, चहा टाकू का?” आमच्या घरात याचा अर्थ ‘आता एक अक्षर बोलू नका’ असा आहे. आई माझ्याकडे बघत होती. एवढा शिकवला, नोकरीला लावला, लग्न करून दिलं आणि शेवटी हा म्हणतो कुरडई विकत आणू, असं सगळं त्या बघण्यात होतं.

आईनं अबोला धरला. चार-पाच दिवसांनी स्वतःच म्हणाली, “बशीव जा. तुज्या बापानं बी कदी माजं ऐकलं न्हाई.” इतक्या सहजासहजी आईनं आयुष्यात कधी काही सोडलेलं नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती, पण मी पॅनेलची रंगीत पत्रकं बघण्यात गर्क होतो.

सोलर बसवायला किरण नावाचा तरुण आला. त्यानं विचारलं, “साहेब, लोखंडी सांगाडा उंच घ्यायचा का बुटका? उंच घेतला तर खाली वापरता येतं, पण खर्च वाढतो.” मी तत्काळ बुटका म्हणालो. पॅनेलच्या दोन रांगा बसल्या. काळ्याभोर काचा, गुळगुळीत, दक्षिणेकडे जरा कललेल्या, आणि खालच्या रांगेची कड नेमकी आईच्या कमरेला लागेल एवढ्या उंचीवर. हे कमरेचं आत्ता सांगतोय. तेव्हा आई एकदा वर आली, काचेवरून हात फिरवला, चटका बसला तसा मागे घेतला आणि “लय तापतंय की” एवढंच म्हणून खाली गेली. मला वाटलं, तिला विज्ञानाचं कौतुक वाटलं.

सोलरबरोबर मोबाइलवर एक आलेख येतो. आपली वीज आत्ता किती तयार होतेय ते तो घरबसल्या दाखवतो. सकाळी जमिनीलगत सुरू होतो, दुपारी टेकडीएवढा होतो, संध्याकाळी अलगद उतरतो. मी तळेगावातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दिवसभर इतरांच्या चुका काढायच्या हेच माझं काम. पण आलेख आल्यापासून इतरांच्या चुकांवरचं माझं लक्षच उडालं. मीटिंगमध्ये टेबलाखाली आलेख, जेवताना ताटाशेजारी आलेख. सहकारी मुलांचे फोटो दाखवायचे, मी आलेख दाखवायचो.

याच सुमाराला लोणावळ्यात एक महत्त्वाची घटना घडली. आप्पांचा सम्राट खोकायला लागला.

सम्राट म्हणजे त्यांच्या लॉजचा डिझेल जनरेटर. लोणावळ्याच्या पावसात लाईट गेली की तो धडधडत सुरू व्हायचा आणि आप्पा जिन्यात उभे राहून पाहुण्यांना सांगायचे, “डोन्ट वरी, सम्राट है!” दसऱ्याला त्याला झेंडूची माळ असायची, आमच्या लग्नात त्याला नवं कव्हर मिळालं होतं. आता तो म्हातारा झाला होता. नवा सम्राट आणायचा की बॅटरीसकट सोलर बसवायचं, असा प्रश्न आप्पांपुढे होता. वैशालीनं माझ्यासाठी शब्द टाकला. मी लोणावळ्याला गेलो, कागद पसरले, बाण काढले, चौकोन काढले.

आप्पांच्या शंका दोनच होत्या. पहिली, “याला आवाज का नाही? ज्याचा आवाज येत नाही ते चालू आहे की बंद, हे माणसानं ओळखायचं कसं?” आणि दुसरी, “लोणावळ्यात पावसाळ्यात चार महिने सूर्य रजेवर असतो. तेव्हा काय करायचं?”

दुसऱ्या शंकेवर मी तासभर बोललो. उन्हाळ्यात वापरून उरलेली वीज कंपनीच्या तारेत जाते, ती आपल्या नावावर जमा होते, पुढे पावसाळ्यात ती वळती करून मिळते, याला नेट मीटरिंग म्हणतात. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे ऊन फिक्स डिपॉझिटमध्ये टाकायचं? आणि तुमचा त्यावर विश्वास आहे?”

शेवटी मीच म्हणालो, “आप्पा, तुम्ही वराळ्याला या. डोळ्यांनी बघा. नाही पटलं तर मी पुन्हा कधीही तुम्हाला सल्ला देणार नाही.”

“कधीही?”

“कधीही.”

“मग तर यायलाच पाहिजे,” आप्पा म्हणाले.

आता खरं सांगतो, मला आप्पांच्या छपरापेक्षा आप्पांचा एक शब्द हवा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी ‘शाब्बास’ म्हटलं नव्हतं. स्कूटर गेली, डाळ गेली. सोलर ही माझी शेवटची संधी होती.

आणि नेमका याच वेळी माझा आलेख कोसळायला लागला.

रोज सकाळी ठीकठाक चढायचा आणि मी कामावर पोचून तासभर झाला की कड्यावरून पाय घसरल्यासारखा थेट खाली. भर चैत्र, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि वीज तयार होतेय दिवाळीच्या माळेपुरती. दुपारी चारनंतर थोडा उठून बसायचा, तोवर सूर्यच निघालेला असायचा. मी घरी येऊन गच्चीवर धाव घ्यायचो तर पॅनेल चकाचक, जागच्या जागी.

किरणला फोन केला. तो बिचारा दिवसभर दुसऱ्यांच्या छपरांवर असायचा, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी आला. वायरी बघितल्या, पेटी उघडली, बंद केली. “साहेब, सगळं ओके आहे.”

“मग वीज का होत नाही?”

“आत्ता होणार नाही, साहेब. सूर्य मावळलाय.”

घरी विचारलं तर आई म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं.” वैशालीला विचारलं, “दिवसा लाईटचं काही वेगळं जाणवतं का गं?” ती म्हणाली, “नाही बाई, लाईट तर असते.” (तिनं शब्दशः खरं सांगितलं होतं. पुढे भांडण झालं तेव्हा तिनं हाच मुद्दा मांडला आणि मी हरलो.)

मग मी माझ्यातला क्वालिटीवाला जागा केला. मागचे सगळे आलेख एकाखाली एक लावले, आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. सोमवार ते शनिवार आलेख पडतो. रविवारी पडत नाही. रविवारी काय बंद असतं? कारखाने! म्हणजे कारखान्यांच्या धुराचा अदृश्य थर सकाळची पाळी सुरू झाली की वराळ्यावर येतो आणि माझं ऊन अडवतो. मी दुसऱ्याच दिवशी आमच्याच कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरकडे आमच्याच कारखान्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, “तुम्ही रजेवर कधी गेला होतात शेवटचे?”

धुराचं नंतर बघू, पण एक गोष्ट शास्त्रानं सिद्ध झाली होती. रविवारी आलेख पडत नाही. म्हणून मी आप्पांना रविवारी बोलावलं.

आप्पा सकाळच्या गाडीनं तळेगाव स्टेशनला उतरणार होते. मी लवकरच निघालो. निघताना आई दारात येऊन म्हणाली, “दमानं जा. घाई करू नगंस. पाव्हण्यांना जरा तळेगाव दाखीव.” आईनं इतक्या मायेनं मला घराबाहेर काढल्याचं त्याआधी आठवत नाही. मी भारावून गेलो. आप्पांना स्टेशनवर चहा दिला, वाटेत नव्या इमारती दाखवल्या, कोळशाचं राजकारण सांगितलं. घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

दिवाणखान्यात आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल काढला. “आप्पा, आता बघा. ही ऐन दुपारची वेळ. आत्ता आलेख शिखरावर असणार.”

आप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. “हे शिखर?”

मी बघितलं. आलेख जमिनीवर आडवा पडला होता.

“हे… पठार आहे,” मी म्हणालो.

“खोल पठार दिसतंय.”

रविवारी सुद्धा? म्हणजे कुठला तरी कारखाना चोरून चालू होता! “आप्पा, चला वर, प्रत्यक्षच बघू,” असं म्हणून मी जिन्याकडे धावलो. वैशाली आडवी आली. “अहो, चहा टाकू का?” पण एव्हाना मी दोन पायऱ्या चढलो होतो आणि आप्पा माझ्या मागे होते.

गच्चीचं दार उघडलं.

माझ्या पॅनेलच्या दोन्ही रांगांवर आईच्या जुन्या पांढऱ्या सुती साड्या ताणून अंथरल्या होत्या. त्या साड्यांवर कुरडया होत्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या. एका कडेला पापड. टोकाच्या पॅनेलवर आळीतल्याच रशिदाचाचीच्या शेवया. मधल्या सांगाड्याला मिरच्यांचं गाठोडं टांगलेलं. आणि सगळ्या आळीतल्या बायका पॅनेलना कमरेनं टेकून सोऱ्या दाबत होत्या आणि एकाच वेळी बोलत होत्या. मंदामावशी, आमची शेजारीण, ओट्यापाशी उभी राहावी तशी वरच्या रांगेपाशी स्टुलावर उभी होती.

मला बघून बोलणं थांबलं. सोऱ्या थांबला नाही.

“आई, हे काय आहे?”

“कुरडया.”

“ते दिसतंय. पण पॅनेलवर?”

“मग कुटं? जिमिनीवर जागा ठिवलीस व्हय तू?”

“कधीपासून चाललंय हे?”

“चैत लागल्यापास्नं. तू कामाव गेला की घालायच्या, तू याच्या आत उचलायच्या. उगं तुज्या जिवाला घोर नको म्हनून.”

“आणि रविवारी?”

“रईवारी तू घरात असतोस न्हवं. मग आमाला सुट्टी.”

माझ्या डोळ्यांसमोर सेफ्टी ऑफिसरचा चेहरा आला. “मग आजच का? आज आप्पा येणार होते!”

यावर मंदामावशी स्टुलावरूनच म्हणाली, “चीक थांबतोय व्हय रं कुनासाटी? गहू भिजवलं तवा तुजं पाव्हणं ठरलं नव्हतं. पोरीचं लगीन तोंडावर आलंय. आमच्या माळवदावर त्या बिल्डिंगीची सावली, समद्या आळीत ऊन हाय ते हितं. मग रुकवतात काय तुजी काच मांडू?”

मी आप्पांकडे वळलो. त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, पण बघितलं. आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते वाकून एका गुलाबी कुरडईकडे बघत होते. मग त्यांनी ती अर्धवट वाळलेली कुरडई हळूच उचलली आणि तोंडात टाकली.

“अहाहा,” आप्पा म्हणाले.

तिथून पुढे माझी कुणाला गरज राहिली नाही. आईनं पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांना स्टूल दिलं. वैशालीनं वाटीभर गरम चीक आणला, वर दूध, साखर. आप्पांनी एक घास घेतला आणि गंभीरपणे चौकशी सुरू केली.

“विहीणबाई, वाळायला किती वेळ लागतो?”

“जिमिनीवर तीन-चार दिस जात्यात. हितं दोन दिसांत कडक. काच तापती ना खालून. वरनं ऊन, खालनं ऊन.”

“आणि वाकायला लागत नाही.”

“तेच तर! माजं गुडगं लय दुकायचं बगा. आता हुबं ऱ्हायचं आन् घालायचं. पोरानं लय इचार करून उंची घेतलीया.”

पोरानं खर्च वाचवायला उंची घेतली होती. पण ते मी बोललो नाही.

“आमच्या हिलाही गुडघ्यांचाच त्रास आहे,” आप्पा स्वतःशीच म्हणाले. चिक्कीच्या धंद्यातला माणूस, पाक कधी उतरवायचा हे चेहऱ्यावर न दाखवता ठरवणारा. तो चेहरा आता विचारात पडला होता.

मला वाटलं, हाच क्षण. “आप्पा, वाळवण जरा बाजूला ठेवू. मी तुम्हाला नेट मीटरिंग पुन्हा एकदा…”

“तुम्ही थांबा,” आप्पा म्हणाले. “विहीणबाई, तुम्ही सांगा. हे सोलर आमच्या लोणावळ्यात बसवलं, तर पावसाळ्यात लाईटचं काय करायचं? चार महिने उन्हाचं नाव नाही.”

“लाईटचं मला कळत न्हाई,” आई म्हणाली. “पर कुरडईचं सांगते. श्रावणात कुटं ऊन असतंय? तरी आमी कुरडई खातोच की. आत्ता ऊन हाय तवर करून डबं भरायचं, पाऊस लागला की काडून तळायचं. ऊन काय रोज ताजंच लागतंय व्हय?”

आप्पांचा चमचा हवेत थांबला.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “उन्हाळ्यात जास्तीची करायची. ती डब्यात. पावसाळ्यात डब्यातली काढायची.”

“हो आप्पा! डबा म्हणजे कंपनीचा मीटर. हेच मी तुम्हाला…”

“हे तुम्ही बाण काढून सांगत होता. कुरडई म्हणाला असता तर मी तेव्हाच हो म्हटलं नसतं का?”

तेवढ्यात रशिदाचाची आणि मंदामावशी यांचं कुणाची साडी कुणाच्या हद्दीत आली यावरून जुंपलं. आवाज खालच्या ओढ्यापर्यंत जात असणार. आप्पा कान देऊन ऐकत राहिले आणि समाधानानं म्हणाले, “आवाज नाही म्हणत होतो, तर आवाजही आहे. सम्राटपेक्षा जास्तच आहे.”

वाटी संपवून त्यांनी तिथूनच किरणचा नंबर मागितला. मी दिला. मला भयंकर आनंद झाला होता. आप्पा उठले, जवळ आले. मला वाटलं, आला, तो शब्द आला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आईकडे बघितलं आणि म्हणाले, “शाब्बास, विहीणबाई.”

नंतर आमच्या गच्चीवर वाटाघाटी झाल्या. एका बाजूला आई, मंदामावशी आणि आळी, दुसऱ्या बाजूला मी. वैशाली तटस्थ होती, म्हणजे त्यांच्याकडून होती. ठरलं ते असं, की वरची रांग माझी, खालची त्यांची. किरणनं दोन्ही रांगांच्या तारा वेगळ्या करून दिल्या, म्हणजे खाली कुरडया असल्या तरी वरची रांग आपलं काम करील. भाडं म्हणून बायका रोज सकाळी दोन्ही रांगा पाण्यानं धुऊन पुसून देणार. समोरच्या बांधकामाची धूळ त्या काचांवर किती बसत होती, ते मी कधी हात लावून पाहिलंच नव्हतं. धुतल्यावर माझी एकटी वरची रांग अशी काही चढायला लागली, की मी आलेख पुन्हा लोकांना दाखवायला लागलो. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. सेफ्टी ऑफिसरना वाटतं, तक्रारीमुळे हवा सुधारली.

लोणावळ्याच्या छपरावर पुढच्या हिवाळ्यात सोलर बसलं. सांगाडा किती उंच घ्यायचा म्हणून किरण कागद काढायला लागला, तर आप्पांनी सासूबाईंना गच्चीवर उभं केलं आणि म्हणाले, “इथं टेप लावा. कमरेला.” सम्राटला निवृत्त केलेलं नाही. तो जुलैपुरता ठेवलाय, वयाचा मान म्हणून, आणि दसऱ्याची माळ चालू आहे. चैत्रात उद्‌घाटनाला आईला खास बोलावलं. तिनं नारळ फोडला, पहिली कुरडई घातली, आणि लॉजमध्ये उतरलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. वराळ्यात फार तर कावळे येतात. लोणावळ्यात माकडं आहेत, आणि त्यांना कुरडई चिक्कीपेक्षा जास्त आवडते.

आता चैत्र लागला की सुट्टीच्या दिवशी मला सासुरवाडीचं आग्रहाचं बोलावणं येतं. मी टोपी घालून, हातात काठी घेऊन गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. आप्पा लॉजच्या पाहुण्यांना सोलर दाखवायला वर आणतात, पावसाळ्याच्या डब्याचं सगळं समजावून सांगतात (फार सुरेख सांगतात), आणि माझ्याकडे हात करून म्हणतात, “हे आमचे जावई. स्वच्छ ऊर्जेतले तज्ज्ञ.” मग तोच सूर ठेवून, “जावईबापू, टाकीमागं दोघं बसलेत, बघा जरा.”

गेल्या वेळी मी एकाही माकडाला पॅनेलजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी कुरडया उचलल्या तर खालच्या रांगेतल्या काही कमी भरल्या. मी ताबडतोब आभाळाकडे बघायला लागलो. आप्पांनी माझ्या मिशीला लागलेला गुलाबी तुकडा शांतपणे टिपून घेतला आणि सासूबाईंना म्हणाले, “माकडानंच नेल्या. मी ओळखतो त्याला.”